सीईटीच्या टॅबसाठी १२८ जीबी पुरे

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. सीईटीसाठी तिने ऑनलाइन क्लास लावला आहे. आतापर्यंत माझ्या फोनवर लेक्चर बघायची, पण स्क्रीन लहान, डोळे दुखतात आणि दिवसभर फोन मला कामावर न्यावा लागतो. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. घरात रेंज जेमतेम, संध्याकाळी अंगणात बरी येते. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज आहे. रत्नागिरीला बहिणीकडे वायफाय आहे, तिथे महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जाणं होतं. दुकानात चौकशी केली तर ६४ जीबीचा टॅब साडेअकरा हजार, १२८चा पंधरा हजार आणि २५६चा एकवीस हजार सांगितला. दुकानदार म्हणतो, अभ्यासाला २५६च लागतो, हप्ते बिनव्याजी करून देतो. पुतण्या म्हणतो, ऑनलाइन ३२ जीबीचा सात हजारांत मिळतो, वर मेमरी कार्ड टाक की झालं. आम्ही पंधरा हजार साठवले आहेत. किती जीबीचा घ्यावा आणि किती पैसे देणं बरोबर? फोनमध्ये डाउनलोड केलेली लेक्चर टॅबमध्ये घेता येतील का?
— एक आई, जि. रत्नागिरी

उत्तर :

ताई, १२८ जीबीचा घ्या. तुम्ही साठवलेले १५ हजार त्याला पुरतात. २५६साठी कर्ज काढू नका आणि ३२चा तर फुकट मिळाला तरी लेकीच्या हातात देऊ नका. हे मी नुसतं मोघम सांगत नाही. तुम्ही रेंज, रिचार्ज आणि बहिणीकडचं वायफाय असं सगळं नीट लिहिलंत, त्यामुळे हिशोब तुमच्याच आकड्यांवर मांडता येतो.

आधी हे लक्षात घ्या की खोक्यावर छापलेली सगळी जागा हाताला लागत नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, यंत्र मात्र १०२४च्या पटीत मोजतं. त्यामुळे ६४चे साधारण साडेएकोणसाठ होतात आणि १२८चे ११९. काही टॅब सेटिंगमध्ये पूर्ण आकडा दाखवतात आणि ही तूट सिस्टिमच्या खात्यात टाकतात, पण उरणारी जागा तेवढीच. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली अ‍ॅप मिळून १५ ते २० जीबी जातात. क्लासचं अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, पीडीएफ वाचायचं अ‍ॅप आणि वहीच्या पानांचे काढलेले फोटो यांना आठ-दहा जीबी धरा. शिवाय दहावा हिस्सा कायम मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर टॅब अडखळायला लागतो आणि नवं अपडेट उतरवून घेत नाही. हे सगळं वजा केलं की ६४ जीबीच्या टॅबमध्ये लेक्चरसाठी २५ ते २७ जीबी उरतात. १२८ जीबीच्या टॅबमध्ये सुमारे ८०. दुप्पट स्टोरेज घेतल्यावर वापरायची जागा तिप्पट होते, कारण सिस्टिम दोन्हीकडे जवळपास सारखीच जागा खाते.

आता लेक्चरचं बघू. सर फळ्यापुढे उभे राहून शिकवताहेत, अशा व्हिडिओत हालचाल कमी असते. तो ७२०पी दर्जाने (हा आकडा चित्राची स्पष्टता सांगतो, जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट) उतरवला तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. ४८०पीने उतरवला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि दहा-अकरा इंची पडद्यावर फळ्यावरची अक्षरं बहुतेक वेळा ४८०पीमध्येही वाचता येतात. फक्त सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बारीक रचना किंवा जीवशास्त्राच्या आकृत्या असतील तेव्हा ७२०पी घ्यायला सांगा.

तुमचा रिचार्ज दीड जीबीचा आहे. म्हणजे घरी राहून लेकीने रोजचा सगळा डेटा लेक्चरवर घातला, तरी महिन्याला ४५ जीबीच्या वर काही उतरणार नाही. बहिणीकडच्या वायफायवर एका फेरीत आणखी २०-२५ जीबी भरून आणले, असं धरा. बेरीज ७०. हे १२८च्या टॅबमध्ये, महिनाभर एकही लेक्चर न पुसता, आरामात बसतं. ६४च्या टॅबमध्ये मात्र तिसऱ्या आठवड्यातच जागा संपल्याची सूचना येईल, आणि रत्नागिरीहून भरून आणायची सोय तर उरणारच नाही. ज्यांच्या घरी फायबरचं वायफाय चोवीस तास आहे त्यांना मी ६४ नाही म्हटलं नसतं, कारण त्यांनी बघितलं, पुसलं, उद्या परत उतरवलं. तुमच्याकडे रेंज संध्याकाळपुरतीच, त्यामुळे टॅबच्या पोटातली जागा हाच तुमचा भरवसा आहे. साडेतीन हजारांचा फरक इथे द्यायलाच हवा.

२५६चं काय, तर हिशोबात तेवढं भरायला माल कुठे आहे? सहा हजार जास्त देऊन जी १२८ जीबी जागा मिळेल ती दोन वर्षं रिकामी राहील. महिनोन् महिने बोटीवर जाणाऱ्या माणसाला २५६ जरूर सांगेन, व्हिडिओ शूट करून एडिट करणाऱ्यालाही सांगेन. अकरावी-बारावीच्या मुलीला नाही. ते सहा हजार घरात राहिले तर रिचार्जला आणि टेस्ट सिरीजला उपयोगी पडतील.

दुकानदार जीबी-जीबी करत असताना एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे रॅम : चालू असलेली कामं हाताशी ठेवायची तात्पुरती जागा. एकाच वेळी लेक्चर चालू आणि बाजूला नोट्सची पीडीएफ उघडी, अशी लेक अभ्यास करणार असेल तर ४ जीबी रॅमचा टॅब वर्षभरात जड वाटायला लागतो. ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज ही जोडी मिळाली तर डोळे झाकून घ्या, अगदी त्याच किमतीत ४ आणि २५६ची जोडी कुणी देत असला तरीही. खोक्यावर ‘४ + ४ = ८ जीबी रॅम’ असं लिहिलेलं दिसेल. त्यातले दुसरे चार खरे रॅम नसतात. टॅब स्वतःच्या स्टोरेजमधले चार जीबी अडवतो आणि रॅमसारखे वापरायचा प्रयत्न करतो. ते खऱ्या रॅमपेक्षा फार मंद असतात, आणि लेक्चरची आठ-नऊ तासांची जागा जाते ती वेगळीच. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते.

स्टोरेजचा प्रकारही विचारा. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी जातीची चिप असते, थोड्या वरच्या टॅबमध्ये यूएफएस. ईएमएमसी म्हणजे तुमच्या कोकण रेल्वेचा एकेरी मार्ग : समोरून गाडी येत असली की आपली गाडी स्टेशनात थांबवायची. ती एका वेळी वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही कामं एकदम करते. म्हणूनच लेक्चर डाउनलोड होत असताना दुसरं लेक्चर बघायला घेतलं की ईएमएमसीचा टॅब रखडतो. तुमच्या किमतीत बहुतेक ईएमएमसीच मिळेल आणि तेवढ्यासाठी अडून बसू नका. पण दोन टॅब सारख्याच भावात असतील तर यूएफएसचा निवडा.

आता पुतण्याच्या सल्ल्याकडे येते. त्याचा हेतू चांगला आहे, पण ३२ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टिम आणि अ‍ॅप बसल्यावर पाच-सहा जीबीच मोकळे राहतात. मेमरी कार्डाने ते भरून निघेल असं वाटतं, आणि इथेच फसायला होतं. क्लासची लेक्चर अ‍ॅपच्या आत कुलूपबंद स्वरूपात उतरतात. ती कोणी कॉपी करून वाटू नयेत म्हणून क्लासवाल्यांनी तशी व्यवस्था केलेली असते. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती टॅबच्या अंगच्या स्टोरेजमध्येच राहतात, कार्डावर हलवता येत नाहीत. कार्ड कशासाठी चालतं? पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, फोटो, यूट्यूब प्रीमियमसारख्या अ‍ॅपमधलं डाउनलोड, जिथे सेटिंगमध्ये एसडी कार्ड निवडायची सोय असते. म्हणून टॅब घेण्याआधी क्लासच्या मदत क्रमांकावर एक फोन करा आणि विचारा : डाउनलोड केलेलं लेक्चर मेमरी कार्डावर जातं का, एकदा उतरवलेलं किती दिवस टिकतं, आणि एका खात्यावर किती उपकरणं चालतात. ‘कार्डावर जातं’ असं त्यांनी ठामपणे सांगितलं तर ६४चा टॅब आणि कार्ड असा मार्गही तुम्हाला मोकळा होतो. तरी मी १२८च घेईन, कारण उद्या क्लास बदलला तर नव्या अ‍ॅपचा नियम वेगळा असू शकतो.

कार्ड घ्यायचंच झालं तर ओळखीच्या कंपनीचं, त्यावर ए१ किंवा ए२ अशी, वेगाची हमी देणारी खूण असलेलं, आणि बिलासह घ्या. चारशे-पाचशे रुपयांत १ टीबी असं लिहिलेली कार्डं सर्रास खोटी असतात. आत चिप लहान असते आणि तिला खोटा आकडा दाखवायला शिकवलेलं असतं. भरत राहतं असं वाटतं आणि मागचं पुसलं जातं. अनोळखी कंपनीचे पाच-सहा हजारांतले ‘५१२ जीबी’चे टॅबही याच जातीचे. तिथे सेटिंगमधल्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. तुम्ही इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असाल, तर नागपूरची महाज्योती ही राज्य सरकारची संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना मोफत प्रशिक्षणाबरोबर टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट देत आली आहे. दहावी झालेल्या आणि अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी ही योजना असते, आणि नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. अर्ज महाज्योतीच्या संकेतस्थळावर मागवतात. तिथे यंदाची तारीख बघा, कॉलेजमध्येही विचारा. मुदत संपलेली नसेल तर हे १५ हजार वाचतील. हा मुलीचा हक्क आहे, मागताना संकोच करू नका.

विकतच घ्यायचा असेल तर भाव किती योग्य? सॅमसंगने गॅलेक्सी टॅब ए९ भारतात ऑक्टोबर २०२३मध्ये आणला तेव्हा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीच्या वायफाय मॉडेलची किंमत १२,९९९ होती. एप्रिल २०२४मध्ये रेडमी पॅड एसई आला, ४ आणि १२८ जीबीचा, तोही १२,९९९लाच, आणि पडदा ८.७ इंचांऐवजी ११ इंचांचा. म्हणजे एकाच पैशात निम्मी किंवा दुप्पट जागा मिळू शकते, कोणता टॅब उचलता त्यावर ते ठरतं. महागड्या बाजूला बघा : ॲपलने २०२२चा आयपॅड ६४ जीबीपासून सुरू केला होता, किंमत ४४,९००. मार्च २०२५मध्ये आलेला आयपॅड १२८पासून सुरू झाला, ३४,९००ला. ६४ पुरत नाही हे त्यांनीही मान्य केल्यासारखंच आहे. त्याच आयपॅडचं २५६चं मॉडेल ४४,९००, म्हणजे वरच्या १२८ जीबीसाठी १० हजार. आयपॅडला कार्डाची खाचच नसते, त्यामुळे ग्राहकाला दुसरा रस्ता राहत नाही.

हे आकडे टॅब बाजारात आले तेव्हाचे आहेत. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपांचे भाव जगभर चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते आहे. त्यामुळे ‘थांबलो तर स्वस्त होईल’ या आशेवर मुलीचं वर्ष घालवू नका. माझ्या मते नावाजलेल्या कंपनीचा, दहा-अकरा इंची, १२८ जीबीचा वायफाय टॅब १३ ते १६ हजारांत मिळाला तर भाव रास्त आहे. तुमच्या दुकानदाराचे १५ हजार या पट्टीत बसतात. मात्र मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या आणि त्याच मॉडेलची ऑनलाइन किंमत बघून मगच बोला. हजार-पाचशेचा फरक असेल तर गावच्या दुकानातून घ्या, अडचण आली तर माणूस समोर असतो. आणि १५ हजारांतच कव्हर आणि काच बसवून द्या असं स्पष्ट सांगा. मुलीच्या दप्तरातून फिरणाऱ्या टॅबला कव्हर हवंच.

पाच वर्षं जुना मॉडेल ‘ऑफर’ म्हणून गळ्यात मारला जातो, तेही सांभाळा. अँड्रॉइडची आवृत्ती विचारा आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या पानावर बघा. बारावीची परीक्षा होईपर्यंत तरी ती मिळायला हवीत, त्यापुढे दोन वर्षं मिळाली तर कॉलेजातही तोच टॅब चालेल.

जीएसटीबद्दल. टॅबवर १८ टक्के कर आहे आणि छापील किमतीत तो धरलेलाच असतो. ‘जीएसटी वेगळा’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ‘बिल नको तर हजार कमी’ हा सौदाही करू नका, कारण वॉरंटी बिलावर चालते.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज असतंच, ते किमतीत, सोडून दिलेल्या सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेलं असतं. दुकानदाराला एकच विचारा : ‘रोख दिले तर किती?’ तो आकडा आणि सगळ्या हप्त्यांची फीसकट बेरीज यांत जो फरक, ते तुमचं व्याज. तुमच्याकडे पूर्ण पैसे आहेत, तेव्हा या वाटेला जायचं कारणच नाही.

सिमचा टॅब घ्यायचा की नुसत्या वायफायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानात हा प्रश्न येणार. सिमच्या मॉडेलला दोन-तीन हजार जास्त पडतात आणि दर महिन्याचा दुसरा रिचार्ज मागे लागतो. संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हाच रेंज बरी असते, म्हणजे तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावून लेक्चर उतरवता येतील आणि दिवसभर ती नेटशिवाय बघेल. तुमची रात्रपाळी असेल तरच सिमचा विचार करा.

पुस्तकांची काळजी नको. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. सायन्सची सगळी मिळून एक जीबीसुद्धा भरत नाहीत. रत्नागिरीच्या पहिल्याच फेरीत ती उतरवून घ्या, तेवढ्यासाठी घरचा दीड जीबी खर्च करू नका.

एक गोष्ट टॅबच्या पलीकडची. सीईटी संगणकावर, माऊस हातात धरून द्यायची असते. टॅबवर बोटाने सोडवलेल्या सराव परीक्षा उपयोगाच्या आहेतच, पण महिन्यातून एक-दोन परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीतल्या कोणाच्या संगणकावर सोडवायला मिळतील अशी सोय करा. रफ कामासाठी कागद, नजर समोरच्या पडद्यावर, हात माऊसवर, याची सवय परीक्षेच्या हॉलमध्ये लागत नाही. टॅब मोठा घेण्यापेक्षा या सोयीसाठी धडपडणं जास्त मोलाचं आहे.

टॅब हातात आला की दुकानातच सुरू करून घ्या. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून मोकळी जागा बघा. नव्या १२८च्या टॅबमध्ये ती १०० जीबीच्या आसपास दिसायला हवी. बिलावर सिरियल नंबर लिहिलेला आहे आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो, हे तिथेच उभं राहून तपासा.

आणि फोनमधली लेक्चर. क्लासच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेली लेक्चर फोनमधून टॅबमध्ये जाणार नाहीत. टॅबवर त्याच खात्याने लॉगिन करून ती पुन्हा उतरवावी लागतील. म्हणून टॅब आणल्यावर घरच्या डेटावर घाईने सगळी मागवू नका, चालू प्रकरणाची तेवढी घ्या आणि बाकीची बहिणीकडे गेल्यावर. क्लास एकाच उपकरणाला परवानगी देत असेल तर आधी फोनमधून लॉगआउट करा, पण त्यापूर्वी तिने अर्धवट बघितलेल्या लेक्चरांची नावं वहीत उतरवून ठेवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोट्स आणि फोटो मात्र केबलने किंवा अँड्रॉइडमधल्याच ‘क्विक शेअर’ या फाइल पाठवायच्या सोयीने, एक पैशाचा डेटा न घालवता, टॅबमध्ये जातात.